चार दहाची कूस

गुरुवारी जर्नल क्लब. चहांदे मॅडमनी दिलेला पेपर
अकरा पानांचा, झेरॉक्स मेडिकल चौकातली,
तक्ता क्रमांक तीन तर वाचताच येत नाही.
नाइटला आणलाय सोबत, डब्याच्या पिशवीत.

पेपर म्हणतो:
अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस
दर दोन तासांनी बदला की चार तासांनी,
फरक पडत नाही.
गादी चांगली असली म्हणजे झालं.

चार तास! वाचून आधी माझे खांदेच खूश झाले.
मग मॅडमचा आवाज आला:
"आवडलेल्या निष्कर्षाला दुप्पट प्रश्न विचारायचे, पोरी."

विचारले.
कोण होती ही माणसं?
तीनशे बारा. सरासरी वय, सरासरी वजन.
सरासरीला घाम येत नाही.
खोलीचं तापमान बावीस.
इथं मे महिन्यात रात्री दोनला भिंत चटका देते,
कूलरची खस वाळून काडी झालेली,
रबरी शीट पाठीला चिकटते
आणि सुटताना थोडी कातडी ठेवून घेते.

चिठ्ठ्या बंद पाकिटातून काढल्या? बरं.
जखम मोजणाऱ्याला माहीत होतं का,
कोण कुठल्या गटातलं?
यावर पेपर गप्प.
गादी बनवणाऱ्या कंपनीचे आभार मात्र शेवटच्या पानावर,
मुंगीएवढ्या अक्षरात.

आणि ते सत्तावीस जण,
"अभ्यासातून गळाले."
जसं काही नळाचं पाणी.
मी उगाच त्यांना शोधत बसले
तळटीपेत, परिशिष्टात.
घरी गेले? मेले? की पाठीला खड्डा पडू लागला म्हणून
कुणी सिस्टरनं गुपचूप दोन तासांवर आणलं त्यांना?
गळालेल्यांनाच विचारायला हवं ना, बाप्पा,
चाळणीची भोकं केवढी होती ते.

लाल पेन हातात होता. चांगलाच चालत होता.

तेवढ्यात नऊ नंबरची सायत्राबाई उठून आली.
नवरा उईके, डांबराच्या कामावर कोसळलेला,
तेरा दिवस झाले, बोलत नाही.
"सिस्टर, यायले कूस द्याची राहिली."
दिली ना, म्हटलं. चार्टवर आहे.
बारा, दोन, चार. उजवी, डावी, उजवी.

घड्याळात तीन पन्नास.

तिनं पदराची गाठ सोडून तळहात पुढं केला.
"तुमी फिरवलं का मी एक चिंचोका ठेवतो."
बारापासून एकच होता.

तिन्ही खुणा एकाच शाईच्या, एकाच बाजूला कललेल्या,
एका दमात काढलेल्या, बाराला.
बेचाळीस पेशंट, दोघी आम्ही,
त्यातली वाघाडे आयसीयूत बोलावलेली.
मर्यादा म्हणून लिहिता येईल हे.
मुंगीएवढ्या अक्षरात.

उद्या कुणीतरी हा चार्ट पुरावा म्हणून उचलेल,
लिहील: दर दोन तासांनी, शंभर टक्के.
उईकेची पाठ त्यात नसेल.

व्हाइटनर चालत नाही, नियम आहे.
एक आडवी रेघ, खालचं वाचता यावं अशी,
बाजूला सही. दोनवर. चारवर.
मग आम्ही दोघींनीच वळवला त्याला,
कॅथेटर सांभाळत, "हां, मान धर, मान",
आणि मी खरी वेळ लिहिली: चार दहा.
सायत्राबाईनं दुसरा चिंचोका गाठीत टाकला.

माकडहाडावर चट्टा, रुपयाएवढा.
अंगठ्यानं दाबायचं, सोडायचं.
पांढरं पडून रंग परत आला तर ठीक.
पण डांबरावर रापलेल्या कातडीवर
पांढरं कसं ओळखायचं,
ते अकरा पानांत कुठंच नाही.

ट्यूबलाइट फडफडत होती.
सायत्राबाईनं मोबाइलचा उजेड धरला.
मी अंगठा उचलला
आणि आम्ही दोघी वाकून
बघत राहिलो.